बोअर श्वास घेते म्हणतात: गावात घडलेल्या नवलाची नोंद कशी करावी

यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका केळीच्या बागेत कोरडी पडलेली ट्यूबवेल आहे. मोटार काढून घेतल्यावर मालकाने केसिंगच्या, म्हणजे बोअरमधल्या पाइपच्या, तोंडावर गोणपाट बांधून ठेवलं होतं. मे महिन्यातल्या एका दुपारी त्याच्या मुलाला दिसलं की गोणपाट फुग्यासारखं वर आलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच गोणपाट आत ओढलं गेलं होतं. बोअर श्वास घेते, ही बातमी शेजारच्या तीन गावांत पोचली. चार दिवसांत केसिंगभोवती नारळाच्या करवंट्या आणि गुलाल साचला. पाचव्या दिवशी मी पोचलो, तेव्हा सात जणांनी मला सात कारणं सांगितली. गोणपाट किती वाजता फुगलं होतं, हे मात्र एकालाही सांगता आलं नाही.

मी बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. नंतर धुळे, जळगाव, नंदुरबार भागांत असं काही घडलं की जाऊन बघायचं, अशी सवयच लागली. इतक्या फेऱ्यांनंतर एक गोष्ट मला पक्की पटली आहे. भूगर्भशास्त्रज्ञ असो, डॉक्टर असो की पक्षी अभ्यासक, प्रत्येकाचं काम पहिल्या एक-दोन दिवसांतल्या नोंदीवर उभं असतं, आणि तेव्हा यातलं कुणीही गावात नसतं. तुम्ही असता. म्हणून ही नोंद कशी ठेवायची, वेगवेगळ्या विषयांतली अभ्यासू मंडळी तिचं पुढे काय करतात, हे जरा बैजवार सांगतो.

पहिला दिवस: फक्त वही

दोनशे पानी वही घ्या. मोबाइलमध्ये लिहायलाही हरकत नाही, पण वहीतलं खोडलेलं दिसतं आणि ते दिसलेलं बरं. पहिल्या पानावर कारण लिहायचं नाही. तारीख, मोबाइलच्या घड्याळातली वेळ, जागा, कोण होतं, हवा कशी होती, लाइट होती की गेली होती, एवढंच लिहा. ‘प्रचंड’, ‘भयंकर’ हे शब्द काढून टाका आणि त्यांच्या जागी मोजता येईल असं काही घाला. आवाज मोठा होता म्हणजे किती? बोलणं थांबवावं लागलं? भांडी वाजली? गोठ्यातली जनावरं उठली?

आकाशात काही दिसलं असेल, तर हात लांब करून मूठ धरा. लांब केलेल्या हाताची मूठ आकाशातले साधारण १० अंश झाकते. क्षितिजापासून किती मुठी वर दिसलं आणि कोणत्या झाडावरून कोणत्या टाकीकडे गेलं, ते लिहा. वस्तू सापडली तर शेजारी दहाचं नाणं ठेवून फोटो काढा. उचलण्याआधी आजूबाजूची जमीनही फोटोत घ्या. पाण्याचा रंग बदलला असेल तर दोन स्वच्छ काचेच्या बरण्या भरा. एक बंद करून सावलीत ठेवा, दुसरी न हलवता उजेडात ठेवा आणि तिच्यात काय होतं ते रोज बघा.

ही दुसरी बरणी किती बोलते, ते २०२० च्या जूनमध्ये लोणारला दिसलं. सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि राज्यभर चर्चा उसळली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने तपासले, तेव्हा खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचं रंगद्रव्य त्यात आढळलं. नमुना स्थिर ठेवल्यावर जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. म्हणजे रंग पाण्यात विरघळलेला नव्हता. एवढं कळलं की पुढचा शोध अर्ध्यावर येतो, आणि त्यासाठी लागते ती फक्त बरणी आणि धीर.

विहिरीत किंवा बोअरमध्ये वाकून बघू नका, कुणाला उतरवू नका, तोंडाशी काडीही पेटवू नका. आतल्या हवेत प्राणवायू कमी असू शकतो, पेट घेणारा वायूही असू शकतो.

दखेल शे का आयकेल शे?

साक्षीदाराला विचारायचा पहिला प्रश्न हाच. स्वतः पाहिलंय की ऐकलंय? अहिराणीत विचारलं की माणूस मोकळा होतो, आणि बहुतेक वेळा हसून सांगतो, आयकेल शे. ऐकीव माहिती फेकून द्यायची नाही. तिला वेगळं पान द्यायचं, म्हणजे बातमी कशी वाढत गेली हेही कळतं.

इथे माझ्या हातून झालेली चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी तापीकाठच्या एका गावात रात्री शेतात उजेड दिसल्याची बातमी होती. मी उत्साहाने गेलो आणि पारावर जमलेल्या सगळ्यांना एकत्र विचारलं, “उजेड हिरवट होता ना?” त्यानंतर भेटलेल्या प्रत्येकाने हिरवट उजेड सांगितला. पहिल्याने खरंच काय पाहिलं होतं, ते आता कुणालाच कळणार नाही. ती नोंद मीच खराब केली, आणि ते मला अजून सलतं.

मानसशास्त्रात या गोष्टीवर नेमका प्रयोग झालेला आहे. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना मोटारींच्या अपघाताच्या फिती दाखवल्या आणि वेग विचारला. काहींना प्रश्नात ‘लागल्या’ असा सौम्य शब्द दिला, काहींना ‘चक्काचूर झाल्या’ अशा धाटणीचा. फिती त्याच, तरी कडक शब्द ऐकलेल्यांनी वेग जास्त सांगितला. म्हणून एकेकाला वेगळं बसवा. “काय झालं, सुरुवातीपासून सांगा” एवढंच म्हणा आणि गप्प राहा. मधे थांबवू नका. शेवटी विचारा, “तुमच्याआधी हे कुणी तुम्हाला सांगितलं होतं का?” मग प्रत्येकाकडून चित्र काढून घ्या. चित्रकला येत नाही म्हणणारा माणूसही चांगलं चित्र काढतो.

साक्षी नीट घेतल्या तर केवढं काम होतं, याचा नमुना फ्रान्समधला आहे. १८०३ च्या एप्रिलमध्ये लेगल गावाभोवती आकाशातून दगड पडल्याची बोलवा उठली. आकाशात दगड नसतात, तर पडतील कुठून, असं त्या काळी बहुतेक विद्वानांचं मत होतं. जाँ-बातिस्त बिओ हा तरुण शास्त्रज्ञ तिकडे गेला. एकमेकांना न ओळखणाऱ्या, वेगवेगळ्या थरांतल्या लोकांशी तो बोलला. दगड कुठे कुठे पडले ते त्याने नकाशावर मांडलं आणि जागा जोडल्यावर एक लांबट अंडाकृती पट्टा तयार झाला. त्या भागातल्या भट्ट्यांत किंवा खाणींत तसला दगड निघत नाही, हेही त्याने तपासून घेतलं. त्याच्या अहवालानंतर उल्का पडतात हे मान्य झालं. विद्वानांनी ज्यांना भोळे ठरवलं होतं, ते शेतकरी बरोबर होते. नोंद घेणाऱ्याने हे मनात ठेवूनच पारावर बसावं.

चकव्याचंही असंच आहे. रात्री शेतातून निघालेला माणूस फिरून फिरून त्याच बाभळीपाशी येतो, हे सांगणारी माणसं खोटं बोलत नाहीत. जर्मनीतल्या ट्युबिंगेन इथल्या संशोधकांनी २००९ साली लोकांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितलं आणि त्यांचा माग ठेवला. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर वाट बरी राहिली. ढग आल्यावर किंवा चंद्र मावळल्यावर माणसं वळायला लागली, काही तर गोल फिरून आपलीच वाट ओलांडत होती आणि त्यांना पत्ताही नव्हता. तुमच्या गावात कुणाला चकवा लागला तर त्या रात्री चंद्र होता का, आभाळ होतं का, हे जरूर लिहा.

साधनावर आधी शंका

सीसीटीव्हीत पांढरी आकृती दिसली की आधी कॅमेऱ्याची काच पुसा आणि दुसऱ्या रात्रीचं चित्रण बघा. काचेजवळून गेलेला किडा रात्रीच्या कॅमेऱ्यात मोठा पांढरा गोळा होऊन दिसतो. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स इथल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीत १९९८ पासून अधूनमधून विचित्र संकेत येत होते. ते प्रामुख्याने कामाच्या वेळेतच येतात, हे नोंदींवरून लक्षात आलं होतं. २०१५ मध्ये उलगडा झाला: मायक्रोवेव्ह भट्टी बंद होण्याआधीच कुणी दार उघडलं की संकेत यायचा.

जुनं दप्तर उघडा, पण त्यावरही डोळे मिटून विश्वास नको

माझा सगळ्यात आवडता दाखला आपल्या खानदेशातला आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी १९ व्या शतकात शास्त्राला माहीत झाला. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना मिळाला नाही. पक्षी नामशेष झाला असावा, असं मानलं जाऊ लागलं. मधे नमुन्याची फक्त एकच नोंद होती: रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेतल्या मांडवीजवळ मिळवलेला नमुना. पामेला रासमुसेन या अमेरिकी अभ्यासिकेने संग्रहालयांतले जुने नमुने एकेक करून तपासले. पेंढा भरण्याची प्रत्येक माणसाची हातोटी वेगळी असते. शिवण, कापूस, हाडं कशी ठेवली, यावरून हात ओळखू येतो. १९१४ चा म्हणून सांगितलेला तो नमुना प्रत्यक्षात जेम्स डेव्हिडसन याने १८८० च्या दशकात खानदेशात गोळा केलेला होता. माइनर्ट्झहागेनने तो चोरला होता, पुन्हा भरून त्याला खोटी चिठ्ठी लावली होती.

खोटी नोंद बाजूला काढल्यावर शोधायच्या जागाच बदलल्या. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ आले. तिथे, भर दिवसा, रानपिंगळा समोर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. तिथल्या डोंगरातली माणसं तो पक्षी रोज बघत असतील, पण त्यांना कुणी विचारायला गेलं नव्हतं.

यातून करायचं काम साधं आहे. “असं पूर्वी घडलं होतं” असं कुणी म्हटलं की कधी, कुणी लिहिलं, त्याने स्वतः पाहिलं होतं का, हे शोधा. वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली, देवस्थानच्या वह्या आणि तलाठी दप्तर चाळा. आणि तुम्हाला स्वतःला रानपिंगळ्यासारखं काही दिसलं तर पाठीपेक्षा डोकं, पोट आणि शेपटीचा फोटो महत्त्वाचा. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके भरपूर असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळपास साधं, पोटाखालचा भाग पांढरा आणि शेपटीवरचे पट्टे ठळक.

इतिहासकारांना नवल उलट्या दिशेनेही उपयोगी पडतं. चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शिलालेख भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी उभारलेल्या मठाचा आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. त्यात शके ११२८, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहणाची वेळ, असं नोंदलेलं आहे. ग्रहण गणिताने मागे जाऊन काढता येतं. गणित ९ ऑगस्ट १२०७ ही तारीख देतं. कोरणाऱ्याने ग्रहणाचे दोन शब्द जास्त कोरले, म्हणून आठशे वर्षांनी आपल्याला दिवस कळतो.

मोजा, आणि लहान नमुना करून बघा

आता बोअरकडे परत. मी गोणपाट काढून केसिंगच्या तोंडावर प्लास्टिकच्या पिशवीची बोटभर रुंद, हातभर लांब पट्टी बांधली. मालकाच्या मुलाला वही दिली. अकरावीतला, शांत मुलगा. दर दोन तासांनी पट्टी बाहेर की आत, जोरात की हळू, एवढंच लिहायचं. रात्री गजर लावून उठायचं. त्याच्या मोबाइलमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर निघाला, तेव्हा शेजारच्या रकान्यात तो आकडाही लिहायला सांगितलं. सगळ्या मोबाइलमध्ये हा सेन्सर नसतो.

चार दिवसांनी वही उघडली तर पहाटेपासून सकाळी दहापर्यंत ‘आत’, दहानंतर चार-पाचपर्यंत ‘बाहेर’, असा क्रम चारही दिवस होता. रात्रीही तसाच एक फेरा, जरा हळू. शेजारचे दाबाचे आकडे याच चालीने चढत-उतरत होते. हवेचा दाब आपल्याकडे दिवसातून दोनदा चढतो, सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास, आणि दोनदा उतरतो. उन्हाळ्यात दिवसभरात हा फरक तीन-चार मिलिबारचा असतो. सातपुड्याच्या पायथ्याशी बझाडा म्हणतात तो दगड-गोटे-वाळूचा जाड थर आहे. त्यात पाणी खूप खोल गेलं की वरचा सगळा पोकळ भाग हवेने भरतो. बाहेरचा दाब वाढला की बोअरमधून हवा आत जाते, उतरला की बाहेर येते. पाणी जितकं खोल, तितकी भरायला जागा जास्त. बोअरचा श्वास खरा होता, आणि पाणी खोल गेलंय हेही तो सांगत होता.

मोजणं शक्य नसेल तिथे नमुना करा. एरंडोल तालुक्यातल्या फरकांड्याच्या झुलत्या मनोऱ्यांची ख्याती होती की एक हलवला की दुसरा हलतो. त्या जुन्या बांधकामावर चढायला जाऊ नका. घरात दोन खिळ्यांमध्ये एक सैलसर दोरी बांधा, तिला समान लांबीच्या दोन सुतळ्यांनी दोन सारखी कुलपं टांगा. एकाला झोका द्या. थोड्या वेळाने दुसरं आपोआप हलायला लागेल आणि पहिलं मंदावेल. मग एक सुतळी अर्धी करून बघा. दुसरं कुलूप फारसं हलणार नाही. याला अनुस्पंदन म्हणतात. जोडणारा दुवा आणि सारखी लय, दोन्ही लागतात.

२१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या, तेव्हा शास्त्रज्ञांनी असाच साधा उपाय केला. दुधात रंग घातला. चमच्याच्या कडेवरून मूर्तीवर पसरून खाली ओघळणारा पातळ पदर लगेच दिसला.

जिथे काही घडलं नाही, तेही लिहा

हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि सगळ्यात जास्त वेळा राहून जातं ते हेच. अमावास्येला त्या वळणावर अपघात होतात, असं म्हणतात. चार रकाने आखा: अमावास्या आणि अपघात, अमावास्या पण अपघात नाही, इतर दिवस आणि अपघात, इतर दिवस आणि अपघात नाही. आपल्या लक्षात फक्त पहिला रकाना राहतो. वर्गात २३ मुलं असली तरी दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. योगायोग आपल्याला वाटतात त्यापेक्षा स्वस्त असतात.

आजाराच्या बाबतीत तर हा रकाना जीव वाचवतो. आश्रमशाळेत एकाएकी दहा मुली चक्कर येऊन पडल्या, तर आधी त्यांना आरोग्य केंद्रात न्या. मग यादी करा: वय, त्रास सुरू झाल्याची वेळ, काय खाल्लं, कुठलं पाणी प्यायलं, कोणाशेजारी झोपते. तीच यादी ज्यांना काही झालं नाही त्या मुलींचीही करा. साथरोगतज्ज्ञ या दोन याद्या शेजारी ठेवूनच कारण शोधतात. भीती एकीकडून दुसरीकडे पसरूनही असं होतं, आणि तो त्रास सोंग नसतो. पण अन्न, पाणी आणि फवारणीचं औषध तपासल्याशिवाय त्या निष्कर्षावर येऊ नका.

कोणाकडे जायचं

जमिनीतून आवाज येत असेल तर सेकंदासह वेळ टिपा आणि राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या यादीशी ताडून बघा. पहिला हलका धक्का आणि नंतरचा जोराचा हेलकावा यांतल्या सेकंदांना आठने गुणलं की उगम साधारण किती किलोमीटरवर आहे ते कळतं. सातपुड्यात १४ मार्च १९३८ रोजी सहापेक्षा मोठ्या तीव्रतेचा भूकंप झालेला आहे. तेव्हा आवाजाला हसण्यावारी नेऊ नये.

आकाशातला उजेड दोन-चार सेकंदांत संपला तर उल्का समजायला हरकत नाही. तो अर्धा-एक मिनिट सावकाश सरकत तुकडे होत गेला तर बहुधा रॉकेटचा भाग. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रात आणि लगतच्या मध्य प्रदेशात असा उजेड दिसला आणि चंद्रपूर जिल्ह्यात लाडबोरी गावात धातूचं मोठं कडं पडलं. अशी वस्तू हाताळू नका, तहसील कार्यालयाला कळवा. उल्केचा दगड वाटला तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा.

माणसाचं नाव येऊ लागलं तर

इथे मला कळकळीने सांगायचंय. सातपुड्याच्या डोंगरात अजूनही एखाद्या बाईला डाकीण ठरवलं जातं. मूल दगावलं, गुरं मेली, आणि बोट एका एकट्या विधवेकडे जातं. नोंद घेताना कुणी असं नाव घेतलं की वही बंद करा आणि आधी त्या बाईच्या सुरक्षिततेचं बघा. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने हा गुन्हा आहे. पोलिस ठाण्यात कळवा, ११२ वर फोन करा.

पण ज्याचं मूल गेलंय त्याला फक्त जंतूचं नाव सांगून भागत नाही, हेही मानववंशशास्त्रज्ञांकडून शिकण्यासारखं आहे. इव्हान्स-प्रिचर्ड यांनी त्या वेळच्या सुदानमधल्या अझांदे लोकांमध्ये राहून पाहिलं. धान्याचं कोठार पडून खाली बसलेली माणसं जखमी झाली, तर खांब वाळवीने खाल्ले हे अझांदेंना ठाऊक असायचं. त्यांचा प्रश्न वेगळा होता: नेमकी हीच माणसं, नेमकी त्याच वेळी खाली का होती? हा प्रश्न आपल्याकडेही प्रत्येक घरात विचारला जातो. तो ऐकून घ्या, आणि त्याचं उत्तर म्हणून कुणाचा बळी जाणार नाही एवढं बघा.

श्रद्धेच्या गोष्टीला हात घालतानाही जरा थांबावं. श्रावणात खानदेशातल्या कानबाई देवीच्या उत्सवाच्या वेळी कुणाच्या अंगात आलं, तर अभ्यासक ते कुणाच्या अंगात येतं, केव्हा, त्यानंतर घरात तिचं म्हणणं कसं ऐकलं जातं, हे बघतो. चोपडा तालुक्यातल्या उनपदेवच्या गरम झऱ्याला रामाच्या बाणाची कथा आहे. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतो की पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तिथे तापतं आणि वर येतं. दर किलोमीटरला जमीन पंचवीस-तीस अंशांनी गरम होत जाते. मी दोन्ही लिहून ठेवतो. झरा जुना आहे, लोकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या गरमच पाहिलाय, हे मला कथेतून कळतं.

वही पुरी झाली की तिची एक झेरॉक्स ग्रामपंचायतीत द्या, एक जवळच्या महाविद्यालयाच्या भूगोल किंवा भौतिकशास्त्र विभागात. मूळ वही स्वतःकडे.

यावलच्या त्या मुलाने लिहिणं थांबवलं नाही. जूनमध्ये त्याने मला एका पानाचा फोटो पाठवला. दुपारी साडेतीनच्या रकान्यात लिहिलं होतं: पट्टी बाहेर, आजवर एवढी जोरात कधीच नाही, सरळ उभी राहिली, दाब उतरतोय. खाली साडेपाचच्या रकान्यात: वादळ, पाऊस, पट्टी तुटली, नवी बांधली.